वाचून सही करणारा माणूस

मेश्रामकाकांशी मी दोनदा खोटं वागलो. एकदा एका कागदावर टिक करून, आणि दुसऱ्यांदा, सोळा वर्षांनी, त्यांच्याच गॅरेजमध्ये त्यांच्यासमोर बसून "मला आठवत नाही" असं म्हणून. पहिल्या वेळी मी एकतीस वर्षांचा होतो, या देशात नवा होतो, घाबरलेला होतो. तिथे थोडी सूट मागायला जागा आहे. दुसऱ्या वेळी मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि मला सगळं लख्ख आठवत होतं. कागदाचा पिवळा रंग, त्यावरच्या चौकोनाची जागा, पेन उठेना म्हणून मी ते दोनदा झटकलं होतं तेसुद्धा.

काकांना जाऊन आता सात महिने झाले. "त्यांच्याविषयी लिहितोयस ना, मग त्यांच्याविषयीच लिही, स्वतःचं रडगाणं मध्ये आणू नकोस," असं माझी बायको मेधा म्हणाली. तिचं बरोबर आहे. पण मी काय केलं ते आधी न सांगता त्यांच्याविषयी चार चांगल्या गोष्टी लिहिल्या, तर ते माझं तिसरं खोटं होईल.

सुखदेव मेश्राम मूळचे नागपूरकडचे. तिथल्या एका वीज केंद्रात त्यांनी वीसेक वर्षं लॅगिंगचं काम केलं होतं. म्हणजे वाफेच्या पाइपांची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्यावर जे जाड वेष्टण असतं, ते चढवायचं आणि जुनं झालं की खरवडून काढायचं. त्यांची बायको, प्रमिलाकाकू, नर्स. काकूंना ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली, तिच्याबरोबर ग्रीन कार्डही मिळालं, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी काका त्यांच्या मागोमाग ह्यूस्टनशेजारच्या शुगर लँडला आले. "लोक बायकोला घेऊन येतात, मला बायको घेऊन आली," हे ते मोठ्या अभिमानाने सांगत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याकडच्या एका मराठी घरच्या जेवणात. आमच्या वर्तुळात कोणाचीही ओळख कंपनीच्या नावाने सुरू होते. यजमानांनी विचारलं, "मग मेश्राम, तुम्ही काय करता?"

"पाइपांना स्वेटर घालतो."

सगळे हसले. यजमान म्हणाले, "नाही, पण म्हणजे इंजिनिअरिंग साइडला ना?"

"नाही ना भाऊ. हाताच्या साइडला." आणि त्यांनी दोन्ही तळवे पुढे करून दाखवले. बोटांवर जुन्या भाजल्याचे गुळगुळीत डाग होते.

मग कोणीतरी जरा घुटमळत विचारलं, "मेश्राम म्हणजे नक्की कुठले?" या प्रश्नात गावाचं नाव विचारलेलं नसतं हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. काकांना आमच्याआधी कळलं. "जय भीमवाले," ते म्हणाले, आणि भाजीचं भांडं पुढे सरकवत, "घ्या ना, चांगली झाली आहे." ज्याने विचारलं होतं त्याने मान खाली घालून भाजी वाढून घेतली. ते आमच्याच कंपनीच्या कंत्राटी टोळीत आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी ऑफिसात, ते साइटवर. तेव्हापासून मी त्यांना काका म्हणायला लागलो आणि ते मला 'इंजिनिअर'. त्या हाकेत थोडी थट्टा असे आणि थोडा विश्वास. किती थट्टा आणि किती विश्वास, हे मी तेव्हा नीट मोजलं नाही.

त्यांच्या काही सवयी होत्या. कुठलीही वस्तू उचलण्याआधी ते तिला हाताची मागची बाजू लावून बघत. चहाचा कप, गाडीचं दार, दुसऱ्याच्या मुलाचं कपाळ, सगळ्याला. भिंतीवर टकटक करून आत काय आहे ते सांगत. गॅरेजमध्ये त्यांनी शिवणकाम मांडलं होतं: वाकडी जाड सुई, स्टीलची बारीक तार, चंदेरी कापड. पाइपांच्या झडपांवर घालायची, काढता येणारी कव्हरं शिवायला त्यांच्यासारखा हात टोळीत दुसऱ्या कोणाचा नव्हता. उरलेल्या तुकड्यांतून ते ओळखीच्या लोकांसाठी काहीबाही शिवत. आमच्या घरी त्यांनी शिवलेलं किटलीचं कव्हर आहे, ते चंद्रावर जाणाऱ्या किटलीसारखं दिसतं.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे ते प्रत्येक कागद वाचत. सही मागणारा कुठलाही कागद, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, ओळीखाली तर्जनी ठेवून, ओठ हलवत. इंग्रजी त्यांना सावकाश यायचं. खिशात छोटा शब्दकोश असे, पुढे त्याची जागा फोनने घेतली. मागे रांग लागली तरी ते हलत नसत. बँकेतली मुलगी म्हणायची, "सर, हे स्टँडर्ड आहे." काका म्हणायचे, "येस मॅडम. आय विल रीड द स्टँडर्ड."

एकदा मी त्यांना विचारलं होतं, एवढं काय वाचता? ते म्हणाले, "माझ्या बापाने जन्मभर अंगठा दिला. कशावर दिला ते त्याला कोणी वाचून दाखवलं नाही. मला वाचता येते. तर मग मी काऊन नाही वाचणार?"

आमच्या सईच्या आठव्या वाढदिवसाला आम्ही मुलांना ट्रॅम्पोलिन पार्कात नेलं होतं. उड्या मारणाऱ्या प्रत्येकाने आधी तिथल्या टॅबलेटवर सही करायची. आम्ही आयांनी-बापांनी बोटाने सरसर खाली जाऊन सह्या ठोकल्या. काका-काकूही आले होते, आणि काकांनी जाहीर केलं की त्यांनाही उडी मारायची आहे. तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. ते टॅबलेट घेऊन बाकावर बसले आणि वाचायला लागले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मुलं मोजे घालून नाचत होती.

"अगं प्रमिला," ते एकदम ओरडले, "इथे लिहून राहिलेत की मी मेलो तर ती माझीच मर्जी! आणि हे सगळे शिकलेले लोक सही करून मोकळे झाले?"

"अहो, सगळीकडे असंच असतं," काकू म्हणाल्या.

"सगळीकडे असते म्हणून वाचायचं नाही का बे?" हे माझ्याकडे बघून.

मला वाटलं, आता ते सही करणार नाहीत. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, टॅबलेट पुसला आणि सही केली. "आता माहीत आहे ना," ते म्हणाले. "माहीत असलं की मग उडायला हरकत नाही." आणि पँटचे पाय मुठीत धरून तो माणूस आठ वर्षांच्या मुलींबरोबर पाऊण तास उड्या मारत होता. सईच्या मैत्रिणी अजून त्यांना 'जंपिंग ग्रँडपा' म्हणतात.

मी तेव्हा हसत होतो.  तोपर्यंत त्या कागदावरच्या टिकेला आठ वर्षं झाली होती.

ती गोष्ट अशी. ह्यूस्टनच्या पूर्वेला, शिप चॅनल नावाच्या जहाजांच्या कालव्याकाठी, एका जुन्या केमिकल प्लांटचा शटडाऊन होता, म्हणजे दुरुस्तीसाठी तो बंद ठेवला होता. ऑगस्ट महिना. तिथली हवा ओल्या टॉवेलासारखी तोंडावर बसते आणि उठत नाही. काकांच्या टोळीत सात माणसं होती. काका, हेक्टर नावाचा एक मेक्सिकन आणि आणखी पाच जण. जुन्या पाइपलाइनींवरचं इन्सुलेशन, म्हणजे तेच जाड वेष्टण, काढायचं होतं. प्रत्येक कामाआधी इंजिनिअरने एक पिवळा परमिट भरायचा आणि टोळीतल्या प्रत्येकाने त्यावर सही करायची, मग काम सुरू. परमिटावर एक प्रश्न होता: काढायच्या इन्सुलेशनची अ‍ॅस्बेस्टॉससाठी तपासणी झाली आहे का? पुढे होय आणि नाही असे दोन चौकोन. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे जुन्या वेष्टणांत सापडणारं खनिज, ज्याची धूळ श्वासात गेली की कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो.

नमुना गुरुवारी लॅबला गेला होता. निकाल सोमवारी येणार होता. तो दिवस शुक्रवार होता.

माझा वरिष्ठ, ग्रेग, म्हणाला, "त्या लाइनी अ‍ॅस्बेस्टॉस वापरणं बंद झाल्यावर बदलल्यात. त्यात काही निघणार नाही. टिक कर, सोमवारी कागद येईलच."

मला कोणी धमकी दिली नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. ग्रेग कॉफी पीत बोलत होता. बाकीचं सगळं मी माझ्याच डोक्यात पाहिलं. माझा व्हिसा या कंपनीवर होता. ग्रीन कार्डाचे कागद याच कंपनीने नुकतेच भरायला घेतले होते. नोकरी गेली की थोड्या दिवसांत देश सोडायचा. मेधाला दिवस गेले होते. मी पेन झटकलं आणि 'होय'च्या चौकोनात टिक केली.

काका वाचायला लागले. मागे सहा जण घाम पुसत उभे. हेक्टर त्यांना 'प्रोफेसर' म्हणायचा. "आटप रे प्रोफेसर, संध्याकाळ होईल!" काकांचं बोट खाली खाली येत त्या चौकोनापाशी थांबलं. त्यांनी मान वर केली आणि मराठीत विचारलं,

"इंजिनिअर, ही टिक तुझी ना?"

"हो काका."

"मग ठीक आहे." आणि त्यांनी सही केली. त्यांच्यामागून सहा जणांनी, न वाचता, प्रोफेसरने वाचलं आहे म्हणून.

शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस त्यांनी ते कोरडंच कापलं आणि खरवडलं. पिठाच्या गिरणीसारखी पांढरी धूळ उडत होती. कागदी मास्क घामाने भिजून गळ्यात लोंबत होते. रविवारी संध्याकाळी काका परांचीवरून खाली आले तेव्हा त्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. "बघ इंजिनिअर, तीन दिवसांत म्हातारा झालो."

सोमवारी लॅबचा कागद आला. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस होता. मंगळवारी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे सूट घातलेली, नळीतून श्वास घेणारी माणसं आली आणि त्यांनी ती जागा प्लास्टिकने बंद केली. आमच्या टोळीला दुसऱ्या युनिटवर पाठवलं. का, ते कोणी सांगितलं नाही. काका दुरून बघत होते. "हे चंद्रावरून आले का रे?"

"जागा साफ करायला आलेत," मी म्हणालो.

"अच्छा," ते म्हणाले आणि बराच वेळ तिकडे बघत राहिले.

त्यानंतर अठरा वर्षं आम्ही एकाच गावात राहिलो. आमच्या घरांत दहा मिनिटांचं अंतर. मी त्यांच्याकडे जेवलो, त्यांच्या परसातली अंबाडी आमच्या स्वयंपाकघरात आली, त्यांच्या मुलीच्या, करुणाच्या, कॉलेज प्रवेशाच्या निबंधाला मी मदत केली. टेक्सासमध्ये बर्फ पडून वीज गेली आणि घरोघरी पाइप फुटले, त्या वर्षी साठी गाठलेले काका ट्रकमध्ये फोम आणि टेप घेऊन बारा मराठी घरांत फिरले. ज्यांच्या जेवणात त्यांना 'नक्की कुठले' असं विचारलं गेलं होतं, त्या घरीही गेले. आमच्या सिंकखाली उताणे झोपून त्यांनी मला समजावलं, "थंडीने पाइप फुटते असं वाटते ना तुला? तसं नाही. बर्फ होऊन राहिलं की मधलं पाणी कोंडते. त्याला जागा नाही मिळाली की ते फोडते. नळ जरासा सुरू ठेव. थेंब-थेंब जाऊ दे." मी नळ सुरू ठेवला. आमचा पाइप वाचला.

दुसऱ्या वर्षी त्यांना लघवीतून रक्त गेलं. "बीट खाल्लं असेल," म्हणून त्यांनी पंधरा दिवस काढले. काकूंनी, नर्सच त्या, हात धरून हॉस्पिटलात नेलं. डाव्या किडनीत कॅन्सरची गाठ निघाली. किडनी काढली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आयुष्यभर काम काय केलंत? काकांनी स्वेटरचा विनोद केला आणि मग खरं सांगितलं. बाई लिहायच्या थांबल्या. त्या म्हणाल्या, फुप्फुसाच्या बाबतीत आम्ही अ‍ॅस्बेस्टॉसचं ठामपणे सांगतो. किडनीच्या बाबतीत तज्ज्ञांत मतभेद आहेत, मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण तुमच्या कामाची नोंद कागदावर व्हायला हवी.

कागद म्हटल्यावर काका जागे झाले.

त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. एका बाजूला शिवणाची सुई, दुसऱ्या बाजूला फाइल. पोटावरच्या टाक्यांमुळे ते तिरके बसले होते. म्हणाले, "इंजिनिअर, वकील म्हणते की बरोबरच्या माणसाचं लिहून पाहिजे. त्या तीन दिवसांचं. मग ते पांढरे सूटवाले आले, म्हणजे निकाल नंतरच आला ना. परमिटची फाइल कंपनी म्हणते सापडत नाही. तू फक्त एवढं लिहून दे की निकाल यायच्या आधी काम सुरू झालं होतं."

मी म्हणालो, "पण काका, तीन दिवसांनी... तुम्ही नागपूरला वीस वर्षं..."

"मला माहीत आहे ना. कोणत्या धुळीने झालं ते डॉक्टरला नाही सांगता येत, मला काय सांगता येईल? तिथे कागदच नव्हता, भाऊ. कोणी विचारलं नाही, कोणी लिहिलं नाही, मी कोणाकडे बोट दाखवू? इथे कागद होता. त्यावर लिहिलं होतं. म्हणून इथलं विचारून राहिलो." मग जरा थांबून, "माझं राहू दे. त्या सहा जणांना तर सांगायला पाहिजे. हेक्टर मला विचारल्याशिवाय सही नाही करत होता. कागद असला तर कंपनीला त्यांना शोधून तपासावं लागेल असं वकील म्हणते. माझ्या बोलण्याने नाही शोधणार."

'टिक तुझी होती' असं ते म्हणाले नाहीत. मी वाट बघत होतो की म्हणतील, मग मला चिडता येईल. ते सुईत तार ओवत राहिले.

माझं ग्रीन कार्ड तेव्हाही आलेलं नव्हतं. सोळा वर्षं त्याच कंपनीत, त्याच रांगेत. सईचं शाळेचं शेवटचं वर्ष जवळ आलं होतं, घराचं सगळं माझ्या या नोकरीवर उभं होतं, आणि सही त्याच कंपनीच्या विरोधात करायची होती. हे सगळं मला त्यांना सांगता आलं असतं. 'काका, मी घाबरलोय' हे तीन शब्द होते. मी दुसरे तीन म्हणालो.

"मला आठवत नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. हाताची मागची बाजू कपाळाला लावून बघावी, तसं पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "चहा घेशील?"

आणि मी चहा घेतला.

त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. त्यांनी मला टाळलं असतं तर बरं झालं असतं. ते पूर्वीसारखेच राहिले. अंबाडी येत राहिली. एमआरआय करून आले की फोन करत: "आयुष्यभर पाइपांना गुंडाळलं, आता मलाच पाइपात घालून राहिलेत. हलू नका म्हणते. मी म्हटलं, हलायला जागा तरी ठेवली का?" मी हसायचो आणि फोन ठेवल्यावर ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत तसाच बसून राहायचो. बाहेर चाळीस अंश, एसी बंद, काचा वर. काच खाली करायची हे लक्षातही येत नसे. मेधा विचारायची, तुझं काय बिनसलंय? मी म्हणायचो, कामाचं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसांत आणि हाडांत कॅन्सर पसरला. त्यानंतर दोन महिन्यांनी माझं ग्रीन कार्ड आलं. साधं पाकीट, जाहिरातींच्या गठ्ठ्यात. मेधा रडली, आम्ही पेढे वाटले. काकांकडेही नेले. त्यांनी अर्धा पेढा खाल्ला आणि माझ्या पाठीवर थाप मारली: "सुटला रे बाबा तू!" मला वाटलं, आता उद्याच लिहू. आणि मी आणखी पाच महिने लिहिलं नाही. ही गोष्ट मला सगळ्यात कठीण जाते. तोपर्यंत मी व्हिसाच्या नावाने स्वतःला माफ करत आलो होतो. व्हिसाचं कारण गेलं आणि मी होतो तिथेच होतो. टिक माझी होती हे कोणाला कळू नये, एवढंच उरलं होतं.

मग एका शनिवारी सकाळी सई कॉलेजच्या होस्टेलचा करार फोनवर भरत होती. अंगठ्याने सरसर खाली गेली आणि बटण दाबलं. मी म्हणालो, "अगं, वाच तरी आधी."

"डॅड, नोबडी रीड्स दिस स्टफ," ती म्हणाली, आणि मग हसून, "एक्सेप्ट मेश्राम आजोबा."

मी उठलो, वरच्या खोलीत गेलो आणि दुपारपर्यंत लिहीत बसलो.

पुढचं आधीच सांगून टाकतो. ते निवेदन वकिलाकडे गेलं. कंपनीने मला दोनदा बोलावून त्यांच्या वकिलांसमोर बसवलं. मी अजून कामावर आहे, किती दिवस ते माहीत नाही. काकांचं प्रकरण चालू आहे. काकू तारखांना जातात. हेक्टर सापडला, त्याच्याबरोबरचे चार जण सापडले, त्यांच्या तपासण्या झाल्या. एकाच्या फुप्फुसावर काहीतरी दिसतंय, त्याच्यावर लक्ष ठेवलंय. एक जण अजून सापडलेला नाही. हेक्टरने फोनवर मला काही शिव्या दिल्या नाहीत. त्याने एवढंच विचारलं, "प्रोफेसरला माहीत होतं?" मी म्हणालो, नाही, माहीत असतं तर त्याने तुम्हाला वर चढूच दिलं नसतं.

त्या शनिवारी मी लिहिलेले दोन कागद घेऊन काकांकडे गेलो. नोटरीची वेळ चारची होती. नोटरीपुढे सही करण्याआधी काकांना दाखवावं असं वाटलं. त्यांचा पलंग आता बाहेरच्या खोलीत, खिडकीशी लावला होता. ते खूप बारीक झाले होते. पलंगाच्या लोखंडी कठड्याला त्यांनी चंदेरी कापडाचं वेष्टण शिवून घातलं होतं, रात्री हाताला गार लागतो म्हणून.

"काय आणलं इंजिनिअर?"

"वाचा," मी म्हणालो. माझ्या तोंडून दुसरं काही निघेना.

काकूंनी चष्मा दिला, पाठीशी उशी लावली आणि आत गेल्या. काकांनी कागदाला आधी हाताची मागची बाजू लावली, सवयीने. मग ओळीखाली तर्जनी ठेवली. ओठ हलायला लागले. मध्ये दम लागून ते थांबत, डोळे मिटत, आणि पुन्हा त्याच शब्दापासून सुरू करत. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. दोन पानं, पंचवीस मिनिटं. मी त्यांच्या टोळीच्या रांगेत उभा असल्यासारखा बसलो होतो.

दुसऱ्या पानावर मधोमध बोट थांबलं.

"इथे काय लिहिलं?" ते म्हणाले. "तपासणी झाली असावी अशी माझी समजूत होती." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "होती का तुझी समजूत?"

ते वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं होतं आणि पाचव्यांदा तसंच ठेवलं होतं. त्यामुळे बाकी सगळं खरं राहत होतं आणि माझी सुटकाही होत होती.

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

मी खिशातून पेन काढलं, ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: लॅबचा निकाल आलेला नव्हता हे मला माहीत होतं, तरीही 'होय'ची टिक मी केली.

"घरी जाऊन नीट छापून आणतो," मी म्हणालो.

"छापशील मग. आण इकडे." त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मी म्हणालो, काका, वरचं तेच आहे, काही बदललेलं नाही. त्यांनी मान हलवली आणि वाचत राहिले. या वेळी जास्त वेळ लागला. खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं आणि सरकलं. शेवटच्या ओळीखाली, जिथे माझं नाव होतं आणि सहीची जागा रिकामी होती, तिथे बोट ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. ते बोट त्यांनी उचललं नाही.

"काका," मी म्हणालो, "आठवत नाही म्हणालो ते खोटं होतं. मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. तुम्ही सगळं वाचलं होतं, आणि टिक माझी आहे म्हणून सही केलीत. माझं चुकलं. तेव्हाही चुकलं आणि गॅरेजमध्येही चुकलं. मला माफ करा."